गिअरचा दांडा आणि चालकाचा डावा हात

१.
मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या नव्या विजेच्या बसमध्ये चालकाच्या डाव्या बाजूला नजर टाकली, तर एक अनुपस्थिती जाणवते. गिअरचा दांडा तिथे नाही. त्याची जागा बहुधा दोन-तीन बटणांनी घेतली आहे आणि थरथरत्या काट्यांच्या मीटरऐवजी समोर उजळलेला पडदा आहे. शंभर वर्षांपूर्वीचे चित्र नेमके उलटे होते. चालकाचा डावा हात दिवसभर त्या दांड्याला जुंपलेला असे आणि समोर पाहण्याजोगे मीटर जवळजवळ नसतच. या दोन चित्रांमधल्या प्रवासाचा हा धागा. कथा मुख्यतः लंडनमध्ये घडते. शहरी बसच्या यंत्ररचनेतले मोठे प्रयोग त्या शहरात झाले आणि मुंबईच्या बसचे घराणेही ब्रिटिश कारखान्यांशी जोडलेले आहे.

२.
मुळात गिअर हवाच कशाला? पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे इंजिन अगदी हळू फिरू लागले, की त्याचा जोर संपतो आणि ते बंद पडते. भरलेली बस जागची हलवायची तर इंजिन वेगाने आणि चाके हळू फिरली पाहिजेत. वेग आल्यावर हे प्रमाण बदलले पाहिजे. १८९०च्या दशकात फ्रान्सच्या पनार-लेव्हासोर कंपनीत एमिल लेव्हासोरने दातेरी चाके एकमेकांत सरकवून हे प्रमाण बदलण्याची पद्धत रूढ केली. फिरणारे पोलादी दात फिरणाऱ्याच दुसऱ्या दातांत घुसवण्याची ही रीत रांगडी होती, पण काम भागत होते. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गिअर क्वचित बदलावा लागतो. शहरी बसला मात्र प्रत्येक थांबा, प्रत्येक चौक आणि रस्त्यात आलेली प्रत्येक घोडागाडी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

३.
अशा गिअरबॉक्सवर गिअर बदलण्याच्या कसबाला आपल्याकडचे चालक आजही ‘डबल क्लच’ म्हणतात. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा. खालचा गिअर घ्यायचा असेल तर इंजिनाला थोडी रेस द्यायची. पुन्हा क्लच दाबून दांडा पुढच्या जागी सारायचा. हे सारे दीड-दोन सेकंदांत. दोन्ही चाकांचा वेग जुळला की दात अलगद बसत; नाही जुळला तर करकर आवाज साऱ्या बसला ऐकू जाई. वेग जुळला की नाही, हे सांगणारे कोणतेही मीटर नव्हते. चालकाला ते कानाने कळे. इंजिनाचा सूर, गिअरबॉक्सची घरघर आणि तळपायाला जाणवणारा कंप हाच त्याचा डॅशबोर्ड होता.

४.
१९१० साली लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने ‘बी-टाइप’ ही बस रस्त्यावर आणली. फ्रँक सर्ल यांच्या देखरेखीखाली घडलेली आणि वॉल्थमस्टो येथे तयार होणारी ही बस मोठ्या संख्येने उत्पादित झालेली पहिली यशस्वी मोटारबस मानली जाते. त्या काळी लंडनमध्ये बसला परवाना देण्याचा अधिकार महानगर पोलिसांकडे होता आणि आवाजाबाबत त्यांचे नियम कडक होते. म्हणून बी-टाइपच्या गिअरबॉक्समध्ये सरकत्या दातेरी चाकांऐवजी साखळ्यांचा वापर झाला. शहरी बसचा गिअरबॉक्स ट्रकपेक्षा वेगळा असावा, ही मागणी अशी फार लवकर पुढे आली. ती चालकाच्या सोयीसाठी नव्हती, रस्त्यावरच्या लोकांच्या कानांसाठी होती.

५.
चालकाच्या सोयीचा विचार तेव्हा किती होता, हे त्याच्या आसनावरून कळते. बी-टाइपचा चालक उघड्यावर बसे. समोर काच नाही, बाजूला दार नाही. चालकासमोर काच बसवण्यास पोलिसांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत परवानगी दिली नव्हती. पाऊस, धुके आणि हिवाळ्याचा वारा झेलतच तो डबल क्लच मारत राही. पहिल्या महायुद्धात सुमारे ९०० बी-टाइप बस सैनिकांची ने-आण करण्यासाठी आघाडीवर गेल्या. ज्या युद्धाने लंडनच्या बस नेल्या, त्याच युद्धातून पुढे बसच्या गिअरबॉक्सला नवे रूप मिळाले.

६.
१९१६ साली रणांगणात उतरलेल्या ब्रिटिश मार्क-१ रणगाड्यात आठ माणसे असत. त्यांतली चार केवळ गाडी चालवण्यात गुंतलेली. चालक आणि त्याच्या शेजारचा अधिकारी पुढे. दोन्ही पट्ट्यांचे गिअर बदलणारे दोघे मागे. इंजिनाच्या गदारोळात हाक ऐकू जात नसल्यामुळे खाणाखुणांनी आज्ञा द्याव्या लागत. या रणगाड्याचे एक रचनाकार वॉल्टर गॉर्डन विल्सन यांनी पुढे ग्रहचक्रांच्या तत्त्वावरची नवी गिअरव्यवस्था तयार केली. १९१८च्या मार्क-५ रणगाड्यात ती बसवल्यावर चौघांचे काम एकटा चालक करू लागला. ‘चौघांचे काम एकाकडे’ हे सूत्र बसच्या इतिहासात पुन्हा भेटणार आहे.

७.
ग्रहचक्रांचा गिअर म्हणजे काय? मध्यभागी एक दातेरी चाक: सूर्य. त्याभोवती फिरणारी लहान चाके: ग्रह. या सर्वांना बाहेरून वेढणारे, आतल्या बाजूस दाते असलेले कडे. तिन्हींचे दात कायम एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे काहीही सरकवून घुसवावे लागत नाही. कड्याभोवतीचा पट्टा ब्रेकसारखा आवळून ते रोखले, की ग्रहांचा मार्ग बदलतो आणि वेगाचे प्रमाणही बदलते. अशा अनेक जोड्या एकापुढे एक ठेवल्या, की वेगवेगळे गिअर मिळतात. गिअर बदलणे म्हणजे एक पट्टा सोडून दुसरा आवळणे. करकर नाही आणि सूर जुळवण्याची कसरतही नाही.

८.
विल्सन यांनी यात आणखी एक सोय केली. स्टेअरिंगच्या खांबाजवळ एक छोटी तरफ बसवली. पुढचा गिअर कोणता हवा, हे चालक त्या तरफेने आधीच ठरवून ठेवी. गिअर मात्र लगेच बदलत नसे. डाव्या पायाखालचे पेडल दाबून सोडले, की ठरवलेला गिअर लागे. निवड आधी, अंमल नंतर. म्हणून नाव पडले ‘प्रीसिलेक्टर’. थांबा दिसू लागताच चालक सुटण्याचा गिअर निवडून ठेवी आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून गाडी कडेला घेई. या गिअरबॉक्सच्या प्रसारासाठी विल्सन आणि मोटार उद्योजक जॉन सिडली यांनी १९२८ मध्ये कंपनी काढली. पुढे ती ‘सेल्फ-चेंजिंग गिअर्स’ या नावाने ओळखली गेली.

९.
क्लचचा प्रश्न उरला होताच. बस सुटताना बसणारा झटका हे लंडनच्या प्रवाशांचे नित्याचे गाऱ्हाणे. १९२६ च्या ऑक्टोबरपासून लंडन जनरलमध्ये या झटक्यांवर खल सुरू झाला. त्यातून हेरॉल्ड सिंक्लेअर या अभियंत्याने एक जर्मन कल्पना बसमध्ये आणली. जहाजांच्या टर्बाइनसाठी हेर्मान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेलातून शक्ती पोहोचवण्याची युक्ती शोधली होती. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो; इथे वाऱ्याच्या जागी तेल. बस गिअरमध्ये असतानाही उभी राहू शके आणि सुटताना हलकेच ओढ घेई. १९३० मध्ये कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने हा ‘फ्लुइड फ्लायव्हील’ आणि विल्सन यांचा गिअरबॉक्स यांची जोडी बाजारात आणली. रणगाडा आणि जहाज या दोन्हींचा वारसा असा शहरी बसच्या पोटात एकत्र आला.

१०.
या जोडीचा सर्वांत मोठा संसार थाटला तो लंडनच्या ‘आरटी’ बसने. १९३९ साली पहिली आरटी रस्त्यावर आली. लगेच महायुद्ध भडकले आणि मोठे उत्पादन १९४७ ते १९५४ या काळात झाले. एईसीने बनवलेल्या आरटी आणि त्यांच्या लेलँड बहिणी मिळून सुमारे ७,००० बस झाल्या. इथे प्रीसिलेक्टरचे पट्टे आवळण्याचे काम हवेच्या दाबाने होई आणि ब्रेकही हवेचेच होते. त्यामुळे समोरच्या मीटरांना नवे महत्त्व आले. हवेचा दाब पुरेसा आहे ना, हे कानाला कळण्यासारखे नव्हते. ते डोळ्यांनीच पाहावे लागे. यंत्र जितके चालकाचे कष्ट स्वतःकडे घेते, तितकी स्वतःची खबर त्याला काट्यांतून आणि दिव्यांतून द्यावी लागते, हे इथून पुढे वारंवार दिसते.

११.
प्रीसिलेक्टरमध्ये एक फसवी बाजूही होती. गिअर बदलण्याचे पेडल क्लचच्याच जागी असे आणि दिसायलाही तसेच असे, पण ते क्लच नव्हते. क्लच अर्धवट दाबून गाडी हळूहळू सोडण्याची सवय असलेला चालक त्यावर तसेच करू गेला, तर पट्टे घासून झिजत. विशेषतः स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये पेडल तळापर्यंत नीट दाबले नाही, तर ते जोराने उसळून मागे येई आणि पायाला दुखापत होई. जुन्या चालकांच्या बोलण्यात या लाथेचा उल्लेख हमखास असे. नवे मॉडेल सोपे असले तरी जुन्या सवयीच्या पायाला ते वेगळे असते. या धाग्याच्या शेवटी हाच मुद्दा अधिक गंभीर रूपात परत येईल.

१२.
सर्वच शहरांनी लंडनचा मार्ग धरला नाही. लँकेशायरच्या लेलँड कंपनीने १९४७ च्या सुमारास ‘टायटन पीडी-२’ आणली. तिच्यात क्लच होता, हाताने टाकायचा गिअर होता, पण वरच्या गिअरसाठी ‘सिंक्रोमेश’ होते. म्हणजे दात गुंतण्याआधी शंकूच्या घर्षणाने वेग जुळवून घेणारी योजना. प्रीसिलेक्टरपेक्षा ही रचना साधी, तिची देखभाल सोपी. ब्रिस्टल कंपनीच्या अनेक बसमध्ये तर जुन्या पद्धतीचा, कौशल्याची परीक्षा पाहणारा गिअरबॉक्स दीर्घकाळ टिकला. म्हणजे १९५० साली ब्रिटनमध्ये एका शहरातला बसचालक दुसऱ्या शहरात नोकरीस गेला, तर रंग वेगळा, थांबे वेगळे आणि डाव्या हात-पायाची भाषाही वेगळी.

१३.
हा भाषाभेद लंडनला परवडणारा नव्हता. डेपोतली कोणतीही बस कोणत्याही चालकाच्या हाती जावी, ही तिथली गरज. म्हणून लंडन ट्रान्सपोर्टने लेलँडकडून ‘आरटीएल’ बस घेतल्या, तेव्हा इंजिन लेलँडचे राहिले, पण गिअरबॉक्स प्रीसिलेक्टरच ठेवून घेतला. एका बसमधून उतरून दुसरीत बसणाऱ्या चालकाला हात-पाय नव्याने शिकवावे लागू नयेत, हा त्यामागचा हिशेब. चिस्विकच्या प्रशिक्षण केंद्रात ओल्या, निसरड्या पटांगणावर बस मुद्दाम घसरवून ती सावरण्याचे धडे दिले जात. प्रमाणीकरण म्हणजे सुटे भाग सारखे असणे, एवढाच अर्थ तिथे नव्हता. चालकाच्या अंगवळणी पडलेल्या हालचालीही त्यात मोडत.

१४.
आरटीच्या चालकाची खोली इंजिनाच्या बाजूला, प्रवाशांपासून तुटलेली होती. आत काय चालले आहे, हे त्याला कळे ते घंटेतून. एक टोला थांबण्यासाठी, दोन टोले निघण्यासाठी. मराठी वाचकाला ‘डबल बेल’ वेगळी समजावून सांगायला नको. ती घंटा हाही एका अर्थी डॅशबोर्डचाच भाग होता. प्रवासी चढले का, उतरले का, तिकीट झाले का, हा सारा गुंतागुंतीचा मजकूर वाहक वाचत असे आणि त्याचे सार दोन टोल्यांत चालकापर्यंत पोहोचवत असे. चालकाने रस्ता पाहावा, वाहकाने माणसे पाहावीत, अशी ती श्रमविभागणी होती.

१५.
या विभागणीची एक अनपेक्षित बाजू डॉ. जेरी मॉरिस यांनी उजेडात आणली. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले; दुमजली बसच्या जिन्यावरून रोज शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत ते लक्षणीयरीत्या कमी होते. शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध दाखवणारे हे पायाभूत संशोधन ठरले. त्याच काळात अभियंते मात्र चालकाचे उरलेसुरले पेडलही काढून टाकण्याच्या खटपटीत होते.

१६.
त्यांच्या प्रयत्नांचे फळ म्हणजे ‘रूटमास्टर’. १९५४ मध्ये पहिला नमुना लोकांसमोर आला, १९५६ मध्ये तो प्रवासी सेवेत उतरला आणि १९६८ पर्यंत २,८७६ बस बनल्या. अॅल्युमिनियमचा हलका सांगाडा, पॉवर स्टेअरिंग आणि क्लचविरहित गिअरबॉक्स. पायाखाली फक्त दोन पेडल. गिअरची तरफ स्टेअरिंगच्या खांबाला. चालकाला हवे तेव्हा स्वतः गिअर निवडता येई, नाहीतर गाडी आपले आपण गिअर बदले. चालकाचे शारीरिक कष्ट इतके कमी करणारी बस लंडनने याआधी पाहिली नव्हती. आणि तरीही वाहक मागच्या उघड्या दारात उभाच होता. रूटमास्टर हा त्या जुन्या दोघांच्या भागीदारीचा सर्वांत परिपूर्ण, आणि अखेरचा, आविष्कार ठरला.

१७.
कारण १९५८ मध्ये लेलँडची ‘अटलांटिअन’ सेवेत आली होती. तिचे इंजिन मागे गेले, दार पुढे आले आणि प्रवासी थेट चालकाच्या शेजारून चढू लागले. ही जागाबदल वरवर किरकोळ वाटते. परिणाम मात्र दूरगामी झाले. चालक आता प्रवाशाच्या हाताच्या अंतरावर आला. त्याला क्लच नाही, गिअरसाठी छोटीशी तरफ पुरते. मग तिकीटही त्यानेच का देऊ नये? १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये दुमजली बस वाहकाविना चालवण्यास कायद्याने मुभा मिळाली. १९६८ च्या कायद्याने नव्या बसच्या खरेदीसाठी सरकारी अनुदान सुरू झाले आणि ते अशा एकट्या चालकाच्या बसच्या बाजूने झुकलेले होते.

१८.
लंडनमध्ये १९७१ च्या जानेवारीत डेमलर फ्लीटलाइन जातीच्या ‘डीएमएस’ दुमजली बस धावू लागल्या. या बसमधली चालकाची जागा आरटीशी ताडून पाहावी. गिअरचा व्याप उरला नव्हता. पण दारे उघडण्या-मिटण्याची तरफ आली, तिकिटाचे यंत्र आले, सुट्ट्या पैशांची थाळी आली, वरच्या मजल्यावर लक्ष ठेवण्यासाठी आरशांची नळी आली. शिवाय प्रवाशांनी स्वतः नाणी टाकून आत जावे म्हणून फिरते फाटकही बसवले गेले, पण ते लोकांच्या अंगवळणी पडले नाही. विल्सनच्या रणगाड्यात चौघांचे काम एकाकडे आले, ते यंत्राने त्यातला मोठा भाग उचलल्यामुळे. बसमध्ये वाहकाचे काम कोणत्याही यंत्राने उचलले नव्हते. ते चालकाच्या मोकळ्या झालेल्या डाव्या हातात देण्यात आले.

१९.
परिणाम थांब्यावर दिसला. वाहक चालत्या बसमध्ये तिकिटे देई. चालक मात्र बस उभी करूनच देऊ शके. रांगा लांबल्या, फेऱ्यांचा वेळ वाढला. गिअरमध्ये वाचवलेली सेकंदे थांब्यावर खर्ची पडू लागली. शिवाय डीएमएस बस यांत्रिक तक्रारींमुळे अवघ्या काही वर्षांत विकायला निघाल्या. ज्या आरटींची जागा त्या घेणार होत्या, त्यांतली शेवटची ७ एप्रिल १९७९ रोजी निवृत्त झाली. रूटमास्टर तर ९ डिसेंबर २००५ पर्यंत नियमित मार्गावर टिकल्या. पास, मग २००३ पासून ऑयस्टर कार्ड आणि अखेरीस जुलै २०१४ मध्ये बसमधली रोकड पूर्ण बंद: चालकाच्या हातातले तिकीट काढून घ्यायला लंडनला चार दशके लागली.

२०.
डॅशबोर्डचा शास्त्रशुद्ध विचार झाला तो जर्मनीत. तिथे व्हॉइट कंपनीने १९५२ मध्येच बससाठी ‘दिवा’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला होता. १९६०च्या दशकात हॅम्बुर्गच्या वाहतूक संस्थेच्या पुढाकाराने शहरी बसचे एक समान मानक तयार झाले; ब्युसिंग, मागिरुस, मर्सिडीज यांसारख्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या बसमध्ये चालकाची जागा बरीचशी सारखी असावी, हा त्याचा महत्त्वाचा भाग. पुढे चालक आजारपणामुळे निवृत्तीच्या वयाआधीच काम सोडतात, हे दिसू लागल्यावर १९९६ मध्ये चालकाच्या आसनव्यवस्थेसाठी नवी शिफारस आली. स्टेअरिंग वर-खाली केले की मीटरची पाटीही त्याबरोबर हलावी, वारंवार लागणारी बटणे हाताच्या टप्प्यात असावीत, असे तिचे सूत्र. चालकाने यंत्राशी जुळवून घेण्याऐवजी यंत्राने चालकाच्या अंगाशी जुळवून घ्यावे, हा विचार बी-टाइपनंतर तब्बल ८६ वर्षांनी नियमाच्या भाषेत उतरला.

२१.
मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. म्हणजे लंडनमध्ये झटक्यांवर खल सुरू होण्याच्या तीन महिने आधी. १९३७ मध्ये मुंबईत दुमजली बस आली आणि १९६७ पासून अशोक लेलँडने भारतात ‘टायटन’ बनवायला घेतली. ही लँकेशायरच्या टायटनचीच कन्या. हाताने टाकायचा गिअर तिच्याकडे वारशाने आला. टाटा आणि अशोक लेलँडच्या शहरी बस दीर्घकाळ ट्रकच्याच चासीवर उभ्या राहिल्या. किंमत कमी, सुटे भाग सर्वत्र उपलब्ध, कोणत्याही डेपोत दुरुस्ती शक्य. त्यामुळे भारतीय चालकाचा डावा हात आणि डावा पाय यांची सुटका आणखी काही दशके लांबली. इंजिनाची धग शेजारी आणि शहरातली गर्दी समोर.

२२.
पण याच कारणाने आपल्याकडे वाहकही टिकला. बेस्टच्या दुमजली बसमध्ये तर दोन वाहक असत, एकेका मजल्यावर एकेक. लंडनमध्ये जी श्रमविभागणी १९७०च्या दशकात मोडू लागली, ती मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ पर्यंत, म्हणजे शेवटची जुनी डिझेल दुमजली बस निवृत्त होईपर्यंत, डोळ्यांसमोर चालू होती. दरम्यान २००६ च्या सुमारास बंगळुरूत स्वयंचलित गिअरच्या व्होल्वो बस आल्या. केंद्र सरकारच्या शहरी बसविषयक निकषांनंतर इतर शहरांतही तशा बस वाढल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात विजेच्या बस धावू लागल्या, २०२३ मध्ये मुंबईत विजेची दुमजली बस आली, आणि मुंबईत काही मार्गांवर वाहकाविना बस चालवून पाहण्यात आल्या. युरोपात पन्नास वर्षांत टप्प्याटप्प्याने झालेले बदल इथे पंधरा-वीस वर्षांत एकत्र आले.

२३.
विजेच्या मोटरला पूर्ण जोर शून्य वेगापासून मिळतो, म्हणून गिअर बदलण्याची गरजच बहुधा उरत नाही. पेडल दाबताच बस पुढे झेपावते. पाय उचलताच मोटर वीज परत देऊ लागते आणि बस मंदावते. इंजिनाचा सूर नाही. वेग किती, बॅटरी किती, दार मिटले का, सारे पडद्यावर वाचायचे. डबल क्लचच्या चालकाला जे कानाने कळत होते, ते आता डोळ्याने पाहायचे आहे. आणि तोच डोळा रस्त्यावरही हवा आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे विजेच्या बसच्या अपघातात अनेकांनी प्राण गमावले. त्याच्या कारणांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. पण त्यानंतर झालेल्या चर्चेत एक प्रश्न ठळकपणे पुढे आला: वर्षानुवर्षे क्लच-गिअरवर हात बसलेल्या चालकाला या सर्वस्वी वेगळ्या बससाठी किती दिवसांचे प्रशिक्षण पुरेसे आहे?

२४.
प्रश्न नवा नाही. क्लचसारखे दिसणारे पण क्लच नसलेले ते प्रीसिलेक्टरचे पेडल हाच प्रश्न विचारत होते. लंडनने त्याला दोन उत्तरे दिली होती: शक्य तितक्या बसची नियंत्रणे सारखी ठेवणे आणि नवी बस हाती देण्याआधी चालकाला ती नीट शिकवणे. दोन्ही उत्तरांना पैसा आणि वेळ लागतो. बसच्या इतिहासात गिअरबॉक्सवर तो खर्च नेहमी झाला, कारण इंधन, झीज आणि फेऱ्यांच्या वेळेचे आकडे वहीत मांडता येतात. चालकाचे अंगवळण, त्याचे कान-डोळे आणि त्याचे हृदय यांचा हिशेब मात्र उशिरा, बहुतेकदा काहीतरी बिघडल्यावरच मांडला गेला.

२५.
शहरी बसचा गिअर शंभर वर्षांत सोपा होत होत नाहीसा झाला. या काळात चालकाचे काम सोपे झाले असे मात्र म्हणता येत नाही. दांड्यावरून सुटलेला हात कधी तिकिटाकडे गेला, कधी दाराच्या बटणाकडे, आता पडद्याकडे. एखाद्या बस संग्रहालयात जुन्या बसची चालकाची जागा पाहायला मिळाली, तर तिथला झिजून गुळगुळीत झालेला गिअरचा गोळा अवश्य पाहावा. त्यावर कोणाचेही नाव नाही. पण शहर रोज वेळेवर कामाला पोहोचत होते, ते त्या गोळ्यावरच्या हाताच्या भरवशावर.